मागं ठेवलेली पोर

हरणाबाईच्या तोंडी लागू नये, असं वस्तीवर सगळेच म्हणायचे, आणि म्हणणाऱ्यांत तिचा नवरा धुळा पहिला. बाई अंगानं काटकुळी, उन्हानं रापलेली, पण आवाज असा खणखणीत की ओढ्यापलीकडं पांगलेली मेंढरं कान टवकारायची. बाजारात लोकरीचा भाव करायला धुळा पुढं व्हायचा, आणि व्यापाऱ्यानं नकाराची मान हलवली की मागं सरकून म्हणायचा, "आता हिच्यासंगं बोला." व्यापारी कपाळाला हात लावायचा. अशी ही बाई. पण बोलणं फटकळ म्हणून मन कडू, असं काही नव्हतं बरं का! कुणाची बाळंतीण अडली की पहिलं बोलावणं हरणाबाईला, आणि कुणाची चूल पेटली नाही तर पदराखाली भाकरी नेणारी पण हीच. वर दोन शिव्या द्यायची, ते वेगळं.

जतच्या पूर्वेचा मुलूख कसा आहे, ते पाहिलेल्याला सांगायला नको आणि न पाहिलेल्याला सांगून पटायचं नाही. पाऊस आला तर ज्वारी, नाही तर नुसतं रान. म्हणून दिवाळी झाली की तिथल्या धनगरांचे वाडे हलायचे. वाडा म्हणजे घर नव्हे. मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या, पोरंबाळं असा सगळा चालता संसार. विटा, कराड करत थेट पाटणकडं, कोयनेच्या काठापर्यंत जायचं. तिकडच्या बागायतदारांच्या रानात मेंढरं बसवायची. त्यांच्या जमिनीला खत आणि यांना दाणागोटा. मिरगाचा पाऊस पडला की मग घराची वाट धरायची. हरणाबाईचं सगळं आयुष्य असंच गेलं. लग्न झालं त्या वर्षी ती वाड्याबरोबर निघाली, आणि बनू झाली ती रस्त्याकडेच्या एका चिंचेखाली. दुसऱ्या दिवशी वाडा हलला, तेव्हा बाळंतीण पण हलली. "चिंचंनं काय ऱ्हावा म्हटलं न्हाई," असं ती नंतर हसत सांगायची.

बनू दोन वर्षांची असताना तिला ताप आला. ताप उतरला, पण जाताना पायांतलं बळ घेऊन गेला. डॉक्टरांनी पोलिओ म्हणून सांगितलं, देवऋष्यानं बाहेरचं वारं म्हणून सांगितलं. दोघांच्याही सांगण्यानं पाय काही हलले नाहीत. तेव्हापासून पोर घोड्यावर. खाली वाकळा, वर बनू, एका बाजूला डालग्यात कोंबड्या आणि दुसऱ्या बाजूला वाटेत झालेली कोकरं. उतरवलं की उतरायचं, चढवलं की चढायचं. तळ पडला की बाकीची पोरं हुंदडायला पळायची आणि बनू सामानापाशी बसून कुत्र्याशी बोलायची. हरणाबाई भाकरी थापता थापता सारखी तिकडं बघायची. तोंडानं मात्र ती म्हणायची, "राजाची रानी हाय माजी. पाय भुईला लावत न्हाई."

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. तालुक्याच्या गावी कॉलेज निघालं होतं आणि कॉलेजात समाजसेवेची नवी टूम निघाली होती. त्या पावसाळ्यात दोन विद्यार्थी रोज शाळा सुटायच्या वेळेला वस्तीवरच्या बिरोबाच्या देवळापुढं यायला लागले. एक नाथाजी, वारणाकाठचा, उसाच्या घरचा, मामाकडं राहून शिकणारा. तो सायकलवरनं यायचा. दुसरी अंजना, जतच्याच एका रिटायर सुभेदाराची लेक. दोन वेण्या, हातात छत्री, येणार एसटीनं आणि परतीच्या एसटीसाठी सारखं लक्ष फाट्याकडं. शाळेतनं सुटलेली पोरं गोळा करून ते गाणी म्हणायचे, गोष्टी सांगायचे, पाढे घ्यायचे. इथवर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पोरं गुंतली तर आयांना तेवढंच बरं.

भांडण झालं ते पुढं. अंजना दारोदार फिरून विचारायला लागली, शाळेत न जाणारं कुणी आहे का, अंगानं अधू कुणी आहे का. मेंढरं नसलेल्या, बारमाही वस्तीवरच राहणाऱ्या सुलाबाईचा केरू मुका-बहिरा, त्याला तिनं हाताला धरून नेलं. मग ती हरणाबाईच्या दारात आली. हरणाबाई तेव्हा बनूला दगडावर बसवून न्हाऊ घालत होती.

"मावशी, हिला पाठवा ना आमच्या वर्गाला."

"कशी पाटवू? पंख लावून?"

"आम्ही उचलून नेऊ."

"आज उचलशीला. उंद्या?"

"उद्या पण उचलू."

"बोलायला काय जातंय, बाई," म्हणत हरणाबाईनं बनूच्या डोक्यावर तांब्या ओतला आणि विषय संपवला.

दुसऱ्या दिवशी नाथाजी सायकल घेऊन दारात हजर. बनूनं आईकडं असं बघितलं की हरणाबाईला नाही म्हणवेना. पोर कॅरिअरवर बसून देवळापुढं गेली आणि इकडं बायांनी कालवा केला. पांगळी शेजारी बसली तर आमच्या पोरांना वारं लागेल, म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत निम्म्या पोरांना आयांनी बखोटीला धरून घरी नेलं. अंजना दिसायला नाजूक, पण तिनं देवळाच्या पायरीवर उभं राहून ठणकावलं, "सगळी बसतील तर वर्ग. एकाला उठवायचं असेल तर आम्ही सगळ्यांना उठवून घरी जातो." आणि खरंच चार दिवस गाणं नाही, गोष्ट नाही, दोघं नुसते बनूला आणि केरूला घेऊन बसले. पाचव्या दिवशी पोरांनी घरोघर भोकाडं पसरली. पोरांच्या हट्टापुढं बिरोबाचं पण चालत नाही, तिथं आयांचं काय चालणार? वर्ग परत भरला.

एकदा हरणाबाई शेण टाकून येताना देवळापाशी थबकली. नाथाजीनं खो-खो मांडला होता, पण उभ्यानं नाही. सगळ्या पोरांनी बसूनच, हातांवर रेटत पुढं सरकायचं. धडधाकट पोरं दोन हात सरकली की धापा टाकत होती, आणि बनू, जिचा सगळा जन्म तसा गेलेला, ती सपासप पुढं जाऊन एकेकाला बाद करत होती. धुळीनं माखलेली, केस सुटलेले, आणि तोंडानं नुसतं "खो! खो!" हरणाबाई हसली. हसता हसता तिचे डोळे कधी भरले ते तिलाही कळलं नाही. आपली पोर ओझ्यावरनं उतरून कुणाच्या तरी पुढं गेलेली ती पहिल्यांदाच बघत होती.

दिवाळी जवळ आली तसा तिच्या डोक्यात भुंगा शिरला. बनूला न्यावं की ठेवावं? घरी सासू रंगुबाई असायचीच. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तरी चूल-भाकरी चाचपडत व्हायची. पण आजवर वस्तीतल्या कुणी अधू पोर मागं ठेवून वाडा हलवला नव्हता. चालणारं पोर एक वेळ ठेवतात. न चालणारं घोड्यावर, अशीच रीत.

"न्यावी हरणे," धुळा म्हणाला. "घोडं हाय, आपन हाय."

"घोडं हाय म्हनून जलमभर घोड्यावरच बसवायची व्हय? हितं पोरांत बसतीया, अक्षर गिरवतीया. तितं काय गिरवंल, कोंबडीची पिसं?"

"आनि काय झालं तर?"

"सर हायत, बाई हायत. त्यास्नी इचारते."

आणि तिनं विचारलं. अंजनाचा हात धरून, देवळापुढं, बिरोबाच्या साक्षीनं विचारलं, "आमी माघारी येस्तवर हिला वाऱ्यावर सोडनार न्हाईसा न्हवं?"

"अहो मावशी, माझ्या धाकट्या बहिणीसारखी आहे ती! तुम्ही बिनघोर जा."

"बिनघोर जा," नाथाजीनंही मान डोलावली.

आता बघा, दोघांपैकी एकानं तरी विचारावं की नाही, तुम्ही माघारी येणार कधी? जतच्या रस्त्यावरनं जाणारी मेंढरं त्या पोरीनं लहानपणापासून बघितली होती, पण ती परत कधी येतात ते कधी मनावर घेतलं नव्हतं. तिच्या हिशेबानं दिवाळीला गेलेलं माणूस फार तर शिमग्याला घरी येतं. आणि हरणाबाईनं तरी कुठं विचारलं की तुमचं कॉलेज किती दिवस? तिला वाटलं, मास्तर म्हटला की तो असतोच. देऊळ असतं, विहीर असते, तसा मास्तर असतो. कॉलेजातली पोरं म्हणजे पाखरं, परीक्षा आली की उडून जातात, हे तिला कोण सांगणार? तोंडाळ बाई, सगळ्या बाजाराशी भांडणारी, पण शिकलेल्या माणसाला उलटं विचारायला बिचकली. शिकलेल्यानं "बिनघोर" म्हटल्यावर घोर करायचा नसतो, असं तिला वाटलं.

वाडा हलला त्या सकाळी बनू रंगुबाईच्या मांडीला टेकून बसली होती. हरणाबाई घोड्याचा पट्टा आवळत सारखी मागं बघत होती. पोर रडेल, हात पसरेल, मग काय, उचलायची आणि टाकायची घोड्यावर, असं तिनं मनात धरलं होतं. पण बनू रडली नाही. "आई, म्या शिकून मोटी बाई व्हनार," म्हणाली आणि हात हलवला. हरणाबाईनं मग घोड्यालाच एक शिवी हासडली आणि चालायला लागली.

थंडीत विट्याच्या बाजारात जतकडचा एक मेंढक्या भेटला. धनगराला टपाल नाही; त्याचा निरोप म्हणजे सांगावा, आणि सांगावा चालतो बाजारा-बाजारानं, माणसाच्या तोंडून माणसाच्या कानात. त्यानं सांगितलं, बनूला बाराखडी येतीया, पोर खुशीत हाय. हरणाबाईचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी तिनं बाजारात भेटेल त्याला ऐकवलं, "माजी लेक बाराखडी म्हनती. तुजी म्हनती का?" धुळाला लाज वाटायला लागली, इतकं ऐकवलं. कराडात तिनं बनूसाठी एक पाटी घेतली आणि फुटू नये म्हणून वाकळेच्या घडीत ठेवली.

वैशाखात वाडा पाटणच्या अलीकडं नदीकाठच्या एका गावात उतरला. तिथल्या सयाजीरावांच्या रानात धुळाच्या बापापासून मेंढरं बसायची. यंदा त्यांच्या धाकट्या भावाचं लग्न झालं होतं, तो पलटणीतनं सुट्टीवर आला होता, आणि दारातला मांडव अजून उतरवला नव्हता. सकाळी दाणे आणायला हरणाबाई टोपली घेऊन मागच्या दारी गेली. सयाजीरावांची आई शालूबाई सोप्यात सुपारी कातरत बसली होती.

"आलीस व्हय हरणे? बस. सूनबाई दानं घालंल. अगं अंजना, जोंधळं आण गं मागच्या दारी!"

हिरव्या चुड्यानं भरलेले हात सूप धरून बाहेर आले. डोक्यावर पदर, कपाळभर कुंकू, मुठीएवढा अंबाडा. सूप खाली ठेवून ती नुसती बघतच राहिली.

"मावशी?"

हरणाबाईला आधी ओळख पटेना. मग एकदम उजेड पडला. "अगं बया! बाई तुमी? हितं? अवो, सोन्यासारकं घर मिळालं की! औक्षवंत व्हा!" तिनं अंजनाच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. अंजनाही हसली आणि तिच्या खांद्यावरून पलीकडं, रानातल्या तळाकडं बघायला लागली.

"बनू कुठंय? घोड्यापाशी ठेवलीय का? आणा ना तिला. मला बघायचंय तिला."

हरणाबाईचे हात तिथंच थांबले.

"बनू? बनू तुमच्यापाशी."

"माझ्यापाशी? मी तर... अहो, शिमग्याआधीच आमची परीक्षा लागली. मी नाथाजीला सांगितलं होतं, वर्ग चालू ठेव म्हणून. त्यात इकडं लग्न ठरलं, घरातनं मला बाहेर पडू देईनात. मला वाटलं, शिमग्याला तुम्ही आलात, तिला घेऊन परत निघालात आणि..."

"शिमग्याला कोन धनगर घरी येतो, बाई?"

"मला माहीत नव्हतं."

"इचारायचं."

एवढंच बोलली ती. ज्या बाईच्या तोंडाला व्यापारी वचकायचे, ती बाई! नाथाजीलाही परीक्षा होतीच की! तो परीक्षा देऊन वारणाकाठी आपल्या गावी गेला. अंजना जतमध्येच आहे, ती बघेल, अशा समजुतीनं गेला. हिला वाटलं तो बघेल, त्याला वाटलं ही बघेल. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तो पाहुणा निदान चालत तिसऱ्या घरी जातो. ही पोर कुठं जाणार होती?

"मी पण येते तुमच्याबरोबर," अंजना म्हणाली. म्हणायला म्हणाली खरी. हळद अजून उतरली नव्हती, उंबरा ओलांडून परड्यात जायची सोय नव्हती, जतला कुठली जाते! आतनं शालूबाईनं विचारलं, "काय गं, दानं मोजतीस का पेरतीस?" अंजनानं सूप उचललं, तेव्हा हरणाबाई टोपली तिथंच टाकून निघून गेली होती.

धुळाला तिनं दोन वाक्यांत सांगितलं. तो उठला, मेंढरांकडं बघितलं, परत बसला. "म्या येऊ?" म्हणाला.

"आनि मेंढरं कोन बगनार, तुजा बा?" पण त्या शिवीत जोर नव्हता. तिनं बनूची पाटी तेवढी वाकळेतनं काढून घेतली, कमरेला खोचली आणि कराडच्या एसटीला जाऊन उभी राहिली. एकटीनं एसटीत बसायची ही तिची पहिलीच वेळ. कंडक्टर काय विचारतोय ते ऐकू येईना. सगळ्या वाटेनं ती बिरोबाला एकच सांगत होती, पोर उपाशी असू दे, वाळलेली असू दे, माझ्यावर रुसलेली असू दे, पण असू दे.

जतच्या पुढं फाट्यावर उतरली ती टळटळीत दुपार कलायच्या वेळी. वर्गाची वेळ झाली होती, नाथाजी तरी असेल या आशेनं पाय घराकडं न वळता देवळाकडं वळले. देवळापुढं कुणी नव्हतं. टँकर नुकताच येऊन गेला असावा. वाटेवर पाणी सांडलं होतं आणि सुलाबाई, केरूची आई, डोक्यावर घागर घेऊन येत होती. तिनं हरणाबाईला बघितलं आणि भरलेली घागर खाली ठेवली.

"सांगावा पोचला व्हय गं?"

"कसला सांगावा?"

सुलाबाईनं पदर तोंडाला लावला. हरणाबाई मग काही विचारायला थांबलीच नाही, तशीच घराकडं धावली.

ढाळ-वांतीनं गेली पोर, आठवडा झाला होता. वस्तीवर तेव्हा बऱ्याच जणांना लागण झाली होती. बाकीची सावरली, बनूच्या अंगात सावरायला काही उरलंच नव्हतं. गाडी जुंपून तिला दवाखान्यात न्यायला निघाले, तर निम्म्या वाटेवरनं माघारी फिरावं लागलं. सुलाबाईच्या नवऱ्यानं जतच्या बाजारात पश्चिमेला जाणाऱ्या मेंढक्याजवळ सांगावा दिला होता. तो सांगावा बाजारा-बाजारानं चालत तिकडं गेला आणि हरणाबाई एसटीनं इकडं आली. ती निघाल्यावर दुसऱ्या दिवशी तो धुळाच्या कानावर पडला. धुळानं तो सयाजीरावांच्या मागच्या दारात जाऊन सांगितला. नव्या नवरीनं उंबऱ्यात रडू नये म्हणतात. अंजना न्हाणीत गेली आणि बराच वेळ पाणी ओतून घेत राहिली.

पण खरं वाईट तर पुढंच आहे. घरात रंगुबाई कोपऱ्यात बसली होती. सुनेचा पायरव ऐकून म्हातारी छाती बडवायला लागली.

"म्या तिला रोज पाटवत हुते गं! ऊन कललं की पाटवत हुते! बाई येत्यात म्हनायची, सर येत्यात म्हनायची. आज सातचा पाडा झाला, आज आटचा झाला, माज्याम्होरं म्हनून दावायची. मला आंधळीला काय ठावं, वर्ग बंद हाय म्हनून!"

अहो, शिमग्यापासून वर्ग नव्हता. बाकीच्या पोरांनी चार दिवस वाट बघितली आणि ती सुरपाट्या खेळायला निघून गेली. बनू मात्र रोज हातांवर रेटत देवळापुढं जायची, चैत्रातल्या उन्हात, वैशाखातल्या उन्हात. तिथं बसायची, अंधारायला लागलं की परत यायची आणि म्हातारीला आज काय शिकवलं ते सांगायची. सगळं मनानं रचून. तिच्यासोबत असायचा तो एकटा केरू, आणि त्याला तोंड असतं तर त्यानं सांगितलं असतं. वस्तीतले जाता-येता बघायचे. सुलाबाईच म्हणाली, "आमाला वाटलं म्हातारीला ठावं हाय. खेळती पोर, खेळंना." कुणी कधी भाकरी दिली, कुणी पाणी दिलं. तिथं का बसतेस, असं कुणी विचारलं नाही.

आणि पोर खोटं का बोलली? हरणाबाईला ते सांगावं लागलं नाही. वर्ग बंद म्हटलं असतं तर सांगावा गेला असता, आणि येत्या दिवाळीला पुन्हा वाकळा, कोंबड्या आणि वर बनू. एवढं त्या पोरीला कळत होतं. म्हणून तिनं एकटीनं वर्ग चालवला.

मग मात्र हरणाबाईचं तोंड उघडलं. ओढ्याकाठी बनूला पुरलं होतं त्या मातीच्या ढिगापाशी बसून तिनं सगळ्यांचा उद्धार केला. बिरोबाला सोडला नाही, कॉलेजला सोडलं नाही, नवऱ्याला नाही, आणि सगळ्यांत जास्त शिव्या स्वतःला घातल्या. "रडली का न्हाईस गं भवाने?" असं त्या ढिगाला विचारत राहिली. "रडली असतीस तर न्हेली असती की!" कमरेची पाटी तिनं तिथंच मातीत पुरली. सुलाबाईनं तिला हाताला धरून घरी आणली.

मिरग पडला, वाडे परतले. धुळा आला, ढिगावर चार दगड रचून आला. आणि शाळा सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत देवळापुढं दोन सायकली लागल्या. नाथाजी नव्हता, तो पुन्हा कधी त्या बाजूला फिरकला नाही. ही नवी पोरं. त्यातला एक मानसिंग म्हणून होता, गोरागोमटा, तोंडभर हसणारा. तो दारोदार विचारत हरणाबाईपाशी आला. ती लोकर पिंजत बसली होती.

"मावशी, तुमच्या घरात शाळेत न जाणारं कुणी आहे का? अंगानं अधू वगैरे?"

अख्ख्या वस्तीनं श्वास धरला. आता ही बाई ह्या पोराला उभा चिरते, असंच सगळ्यांना वाटलं. हरणाबाईनं हातातली लोकर खाली ठेवली.

"तुमी जानार कवा?"

"अहो, अजून तर आलोय आम्ही!" पोरगं हसलं.

ती हसली नाही. "जानार कवा, त्ये सांगा."

मानसिंगनं जोडीदाराकडं बघितलं. दोघांनी यावर कधी विचारच केला नव्हता. शेवटी तो चाचरत म्हणाला, "मार्चात परीक्षा असते. म्हणजे... शिमग्याच्या आसपास."

"मग तसं सांगा पोरांला. पैल्या दिशी सांगा. त्येंच्या घरच्या म्हाताऱ्यास्नी सांगा. मुक्या पोरालाबी हातानं करून दावा." मग ती उठली आणि सुलाबाईच्या केरूला हाताला धरून स्वतः देवळापुढं नेऊन बसवून आली.

दिवाळी झाली. वाडे हलायचा दिवस आला. धुळानं घोड्यावर वाकळा घातल्या, डालगी बांधली, आणि बघतो तर हरणाबाई अंगणात तशीच उभी. ना डोक्यावर टोपली, ना हातात काठी.

"चल की," तो म्हणाला.

"म्या न्हाई येत औंदा."

"आता कुनासाटी ऱ्हातीस गं?" धुळानं घोड्याचा पट्टा सोडून दिला. "म्हातारीबिगर कोन हाय आता घरात?"

"शिमग्याला वर्ग बंद व्हईल," हरणाबाई म्हणाली, "तवा पोरांला जाऊन सांगाया कोन तरी पायजे."